सकाळी गिअर अडकतो, दुपारी नाही: एका तक्रारीतून कारण कसं शोधायचं

रिसर्च मेथडॉलॉजीच्या पुस्तकात ‘कन्फाउंडर’ समजावून सांगताना हमखास आईस्क्रीमचं उदाहरण येतं. आईस्क्रीमची विक्री वाढली की बुडून मरणाऱ्यांची संख्याही वाढते, पण आईस्क्रीममुळे कोणी बुडत नाही, दोन्हीच्या मागे उन्हाळा असतो. उदाहरण बरोबर आहे, पण पेटची तयारी करणाऱ्या मुलांना ते पाठ होतं आणि तिथेच राहतं. खऱ्या प्रश्नात मागे एकच उन्हाळा नसतो. तीन-चार गोष्टी एकाच आठवड्यात बदललेल्या असतात आणि त्यातली कुठली पकडायची ते कळत नाही.

म्हणून आज एक मोटरसायकल घेऊ. नांदगावची, माझ्या चुलत भावाची. दादा रोज पहाटे गाडीने मनमाडला जातो आणि तिथून पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकला कामावर. पंचवीस-एक किलोमीटरचा रस्ता, आणि गाडी चुकली की दिवसाची हजेरी गेली. त्याची तक्रार अशी: “दिवाळीनंतर सुरू झालंय. पहाटे गिअर पडत नाही. पहिला टाकला की खाट्कन आवाज, दुसरा मध्येच अडकतो, न्यूट्रल तर सापडतच नाही. चार-पाच किलोमीटर गेलं की सगळं सुतासारखं सरळ.” एकदा वळणावर पहिल्यातून दुसरा पडलाच नाही, गाडी मध्येच मोकळी झाली आणि मागे कांद्याचा ट्रॅक्टर होता. तेव्हा ही नुसती कटकट नव्हती. गॅरेजमध्ये सांगितलं, क्लच प्लेटचा पूर्ण सेट टाका, साडेचार हजार. दादा पैसे द्यायला तयार होता. मी म्हटलं, आठ दिवस दे.

आता ‘दिवाळीनंतर सुरू झालं’ या वाक्याकडे संशोधकाच्या नजरेने बघा. दिवाळीनंतर काय काय बदललं? थंडी सुरू झाली, हे सगळ्यांनाच दिसतं. पण दिवाळीच्या आधी गाडीची सर्व्हिसिंग झाली होती. त्यात इंजिन ऑईल बदललं आणि क्लचची केबलही नवी टाकली. शिवाय थंडीमुळे दादा चोक ओढून गाडी चालू करू लागला आणि हातात लोकरीचे मोजे आले. म्हणजे एका ‘दिवाळीनंतर’च्या पोटात पाच बदल. गॅरेजवाल्याने सुचवलेली क्लच प्लेट या पाचांत नाहीच. प्लेट झिजल्या असतील तर त्या दिवाळीचा मुहूर्त बघून झिजत नाहीत.

पुढे जायच्या आधी यंत्र समजून घ्यावं लागेल. यंत्रणा माहीत नसताना केलेला प्रयोग म्हणजे अंधारात दगड.

आपल्या बहुतेक गिअरच्या मोटरसायकलींचा क्लच ओला असतो. खडबडीत अस्तराच्या प्लेट आणि स्टीलच्या प्लेट एकाआड एक रचलेल्या, आणि हा सगळा थर इंजिन ऑईलमध्ये भिजलेला. एका प्रकारच्या प्लेट इंजिनाबरोबर फिरतात, दुसऱ्या गिअरबॉक्सबरोबर. लिव्हर सोडलेला असतो तेव्हा स्प्रिंग त्यांना घट्ट दाबून धरतात. लिव्हर ओढला की दाब सुटतो आणि प्लेट एकमेकींपासून किंचित दूर होतात. किंचित म्हणजे किती? सगळ्या प्लेट मिळून साधारण दीड-दोन मिलिमीटर. हे अंतर दहा-बारा फटींमध्ये वाटायचं, म्हणजे एकेका फटीच्या वाट्याला मिलिमीटरचा सहावा-सातवा हिस्सा. त्या फटीत ऑईल असतं.

गिअरबॉक्समध्ये दातेरी चाकं एकमेकांत कायम गुंतलेलीच असतात. गिअर टाकताना आपण सरकवतो ते चाकाच्या बाजूला असलेले ठोकळ्यासारखे दात, ज्यांना मेकॅनिक ‘डॉग’ म्हणतात. एका चाकाचे डॉग शेजारच्या चाकाच्या खाचेत बसले की गिअर पडला. चारचाकीत दोन्हींचा वेग जुळवून देणारी सिंक्रोनायझरची कडी असते, मोटरसायकलमध्ये ती नसते. त्यामुळे क्लच पूर्ण सुटला नाही तर डॉगवर इंजिनाचा ताण राहतो. बसलेले डॉग निघत नाहीत, न बसलेले धडकतात. खाट्कन आवाज, अडकलेला दुसरा गिअर आणि न सापडणारं न्यूट्रल या तिन्ही तक्रारींचं मूळ एकच असू शकतं. क्लच ओढूनही इंजिन गिअरबॉक्सला थोडं थोडं ओढत राहतं. याला क्लच ड्रॅग म्हणतात.

इथे एक घोटाळा आत्ताच मिटवून टाकू. ड्रॅग म्हणजे क्लच सुटत नाही. स्लिप म्हणजे क्लच धरत नाही, अॅक्सिलरेटर दिला की इंजिन ओरडतं पण गाडी पळत नाही. ही दोन उलट दुखणी आहेत. झिजलेल्या प्लेट बहुधा स्लिप देतात. चारचाकीचं काही ऑईल मोटरसायकलमध्ये टाकलं तर त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांमुळेही स्लिप येऊ शकते. ओल्या क्लचसाठी डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ असा शिक्का बघतात तो याचसाठी. दादाच्या गाडीला स्लिप अजिबात नव्हती, मनमाडच्या रस्त्यावर भरल्या टाकीने आणि मागे माणूस बसवून ती नीट ओढत होती. म्हणजे साडेचार हजारांचा उपाय ज्या दुखण्यावर आहे ते दुखणं नव्हतंच. लक्षणाला नेमकं नाव देणं ही संशोधनाची पहिली पायरी आहे, आणि ती फुकट असते.

ड्रॅग किती होईल, हे न्यूटनच्या जुन्या नियमावरून काढता येतं. दोन पृष्ठभागांमध्ये द्रव असेल आणि एक पृष्ठभाग सरकत असेल, तर द्रव दुसऱ्याला ओढतो. ही ओढ द्रवाच्या घट्टपणाच्या, म्हणजे व्हिस्कॉसिटीच्या प्रमाणात वाढते, वेगातल्या फरकाच्या प्रमाणात वाढते, क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते आणि फट वाढली की कमी होते. प्रत्यक्षात फट पूर्ण भरलेली नसते, फिरताना ऑईल बाहेर फेकलं जातं आणि हवा आत शिरते, त्यामुळे खरा आकडा गणितापेक्षा कमी येतो. पण दिशा तीच राहते. ऑईल घट्ट, आयडलिंग जास्त, फट कमी: तिघंही ड्रॅग वाढवतात.

आणि ऑईलचा घट्टपणा तापमानाबरोबर कसा बदलतो, हे बघाल तर चकित व्हाल. ऑईल कंपन्या ४० अंश आणि १०० अंश सेल्सियसला मोजलेली व्हिस्कॉसिटी माहितीपत्रकात देतात. या दोन आकड्यांवरून वॉल्थरच्या सूत्राने मधले आणि खालचे आकडे काढता येतात. १०डब्ल्यू-३० ऑईलसाठी ४० अंशाला ७० आणि १०० अंशाला १०.७ सेंटीस्टोक हे नेहमीच्या पठडीतले आकडे धरले, तर १० अंशाला साधारण ३५० येतात. २०डब्ल्यू-५० साठी १६५ आणि १८ धरले तर १० अंशाला ११०० च्या वर जातं. तेच ऑईल ९० अंशाला जेमतेम २४. म्हणजे पहाटे आणि तापलेल्या इंजिनात पंचेचाळीसपट फरक! (डब्यावरचा ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा. पण १०डब्ल्यूची चाचणी उणे २५ अंशांना होते, तिचा नांदगावशी थेट संबंध नाही. आपल्या कामाचा आकडा ४० अंशांचा.)

गाडीच्या पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० लिहिलं होतं. सर्व्हिसिंगच्या बिलावर २०डब्ल्यू-५० होतं. झाला ना प्रश्न सुटला? जाड ऑईल, थंड पहाट, ड्रॅग. माझ्या ओळखीचे अर्धे लोक इथेच थांबतील आणि ऑईल बदलतील. गोष्ट पटण्यासारखी आहे, सूत्रही सोबत आहे. पण गोष्ट पटणं आणि पुरावा मिळणं यांत फरक आहे. केबलची गोष्टही तितकीच पटते. नवी केबल सुरुवातीच्या काही आठवड्यांत ताणून बसते, लिव्हरमध्ये ढिलाई येते, लिव्हर पूर्ण ओढला तरी प्लेट पुरेशा सुटत नाहीत. चोकचीही पटते. चोक ओढला की आयडलिंग १४०० वरून २००० च्या घरात जातं, वेगातला फरक वाढतो. मोज्यांचीसुद्धा पटते, जाड मोज्यांत लिव्हर शेवटपर्यंत दाबला जात नाही. प्रत्येक गृहीतकाने तक्रारीचं स्पष्टीकरण दिलं तर त्यातल्या एकानेही ते दिलेलं नाही असंच समजायचं. मग विचारायचं: कुठल्या परिस्थितीत ही गृहीतकं वेगवेगळं भाकीत करतील?

सगळ्यात स्वस्त चाचणी आधी. इंजिन बंद, गाडी पहाटेची थंडगार. एक जण गाडी थोडी पुढे-मागे हलवतो, दुसरा क्लच ओढून गिअर टाकत जातो. हलवायचं एवढ्यासाठी की डॉग समोरासमोर आले तर उभ्या गाडीत गिअर पडत नाही, आणि तो दोष नव्हे. इंजिन बंद असताना थंडीतही गिअर अलगद पडत असतील तर गिअरबॉक्सच्या आतला काटा, ड्रम, पायाच्या लिव्हरच्या पिव्होटवरचं ग्रीस, यातलं काही अडकत नाही. दादाच्या गाडीत पडले. एका मिनिटात अर्धं इंजिन संशयातून सुटलं.

दुसरी चाचणी डबल स्टँडवर. मागचं चाक अधांतरी, इंजिन चालू, क्लच पूर्ण ओढून पहिला गिअर. चाक फिरतं का आणि किती जोमाने? थोडं फिरणं चांगल्या गाडीतही दिसतं, त्यामुळे एकच निरीक्षण बिनकामाचं. थंडीत बघा, तापल्यावर बघा, तुलना करा. चाकाचा जोर ब्रेकने अजमावायचा, हात किंवा पाय चाक आणि चेनपासून लांब. आणि हे अंगणात करा, बंद खोलीत नाही. दादाच्या गाडीत थंडीत चाक चांगलंच फिरत होतं, ब्रेक लावल्यावर इंजिन बसायला येत होतं. तापल्यावर हलक्या ब्रेकने थांबत होतं. ड्रॅग पक्का झाला.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडतो. ‘पहाट’ या शब्दात तीन गोष्टी मिसळल्या आहेत: हवा थंड आहे, ऑईल थंड आहे आणि गाडी आठ तास उभी आहे. उभ्या गाडीत प्लेटमधलं ऑईल पिळून निघतं आणि प्लेट एकमेकींना चिकटतात, हे स्वतंत्र कारण आहे. तिघांना वेगळं कसं करायचं? नांदगावचं हवामान इथे फुकटची प्रयोगशाळा देतं. डिसेंबरात पहाटे पारा दहाच्या आसपास आणि दुपारी अठ्ठावीस. रविवारी सकाळी सातला गाडी फिरवून आणली आणि दुपारी तीनपर्यंत उभी ठेवली. आठ तास उभी, पण हवा आणि ऑईल दोन्ही कोमट. पहिला गिअर हलक्या आवाजाने पडला, न्यूट्रल सापडलं. म्हणजे उभं राहणं हे मुख्य कारण नाही. (प्लेट चिकटण्याचं लक्षण तसंही वेगळं असतं, पहिल्याच वेळी एक दणका आणि नंतर सगळं सुरळीत. चार किलोमीटरची तक्रार त्यात बसत नाही.) मग उलट केलं. पहाटे गाडी पंधरा मिनिटं चालवून थांबवली आणि लगेच पुन्हा गिअर टाकून पाहिले. हवा तशीच थंड, मोजे तेच, ऑईल मात्र तापलेलं. तक्रार गायब. म्हणजे मोजे आणि हवा सुटली. चोक तर सोपाच होता. गाडी कार्ब्युरेटरची असल्यामुळे चोक आत ढकलून, अॅक्सिलरेटर हाताने किंचित धरून आयडलिंग नेहमीइतकं ठेवता आलं. खाट्कन आवाज थोडा कमी झाला, पण अडकणं तसंच. चोक भर घालतो, एकटा पुरत नाही. १ एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक बीएस६ गाड्यांत हे वेगळं करणं अवघड, कारण तिथे इंधन-इंजेक्शनचा कॉम्प्युटर थंडीत आयडलिंग स्वतःच वाढवतो.

बातम्यांत जिल्ह्याचा पारा म्हणून निफाडचा आकडा येतो, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला. आपल्या कामाला तो चालत नाही. गाडी उभी असते त्या पडवीत साधा थर्मामीटर इंजिनाला टेकवून ठेवा, रात्रभर उभ्या गाडीतलं ऑईल पहाटे जवळपास त्याच तापमानाला असतं. मोजायचं ते आपल्या प्रश्नाचं, छापून येतं ते नव्हे.

आता उरले दोन: जाड ऑईल आणि ढिली केबल. आणि इथेच या साऱ्या प्रकरणाचा गाभा आहे. सूत्र पुन्हा बघा. घट्टपणा वर आहे, फट खाली आहे, दोन्ही एकमेकांना गुणले जातात. फट कमी असेल तर ड्रॅग दुपारीही वाढलेला असतो, फक्त तेव्हा ऑईल पातळ असल्यामुळे तो जाणवण्याच्या पातळीखाली राहतो. पहाटे त्याच कमी फटीला पंचेचाळीसपट घट्टपणाने गुणलं की गिअर अडकतो. तक्रार फक्त थंडीत दिसते म्हणून कारण थंडीशी संबंधितच असलं पाहिजे, हा तर्क त्यामुळे कोसळतो. थंडीने फक्त भिंग धरलं. आकडेशास्त्रात याला इंटरॅक्शन म्हणतात. दोन चलांचे परिणाम नुसते बेरजेने येत नाहीत, एकाचा परिणाम किती दिसेल हे दुसऱ्यावर ठरतं. सर्वेक्षणावर काम करणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवा. ‘फक्त कोरडवाहू गावांत दिसतं’ किंवा ‘फक्त मुलींमध्ये दिसतं’ असं तुमच्या माहितीत आलं, की कारण तिथेच आहे असं लिहून टाकायचा मोह होतो.

केबल मोजायला पट्टी पुरते. लिव्हरच्या टोकाशी ढिलाई किती, म्हणजे जोर लागायच्या आधी लिव्हर किती मोकळा हलतो. अनेक गाड्यांच्या पुस्तिकेत १० ते २० मिलिमीटर दिलेली असते. दादाच्या गाडीत ३० निघाली. अॅडजस्टरची चाकी फिरवून ती १५ वर आणली. खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. अगदी शून्य ढिलाई ठेवायची नाही, नाहीतर क्लच पूर्ण धरणार नाही आणि खरोखरची स्लिप सुरू होईल.

दुसऱ्या पहाटे गिअर नीट पडला. दादा खूश, म्हणाला, “झालं की! आता काय लिहितोस अजून वहीत?” पण वहीतल्या तापमानाच्या रकान्यात त्या दिवशी १५ होते, आभाळ आलं होतं. आधीच्या नोंदी ९ आणि १०च्या. केबल आणि हवामान एकाच दिवशी बदललं, म्हणजे पुन्हा तोच घोटाळा. दोन गोष्टी कराव्या लागतात. एक, पारा परत खाली येईपर्यंत थांबायचं. दोन, आणि हे लोकांना विचित्र वाटतं, दुरुस्ती उलटी करायची. पारा १० वर आल्यावर, रविवारी, जेव्हा पंचवटी पकडायची नव्हती, तेव्हा मी ढिलाई पुन्हा ३० केली.

“अरे, चांगली झालेली गाडी बिघडवतोस?”

“दादा, पाचच मिनिटं. अंगणातच.”

चाक पुन्हा जोमाने फिरू लागलं, न्यूट्रल हरवलं. १५ वर आणलं, सापडलं. पुन्हा ३०, पुन्हा १५. प्रत्येक वेळी क्लच झाकून, दादाला न सांगता ढिलाई ठरवली असती तर उत्तम झालं असतं, पण ढिलाई हाताला कळतेच, त्यामुळे चाकाचा जोर मी ब्रेकवरून ठरवला, दादाच्या मतावरून नाही. मध्ये इंजिन थंड होऊ द्यावं लागतं, म्हणून एका पहाटे दोनच फेऱ्या होतात आणि बाकीच्या पुढच्या रविवारी. एकाच रुग्णावर उपचार देऊन, काढून, पुन्हा देऊन बघण्याची ही रचना मानसशास्त्रात आणि वैद्यकात जुनी आहे, ‘एबीएबी’ नावाने सापडेल. ज्याचा परिणाम उलटवता येतो अशाच उपायाला ती चालते. केबलला चालते, खत टाकलेल्या शेताला नाही.

मग ऑईलचं काय? पूर्ण उत्तरासाठी चार खाने भरायला हवेत: जाड ऑईल-ढिली केबल, जाड-नीट, पातळ-ढिली, पातळ-नीट. पहिले दोन माझ्याकडे आहेत. उरलेल्या दोनसाठी अजून चालण्याजोगं ऑईल ओतून टाकावं लागलं असतं, आणि ते पैसे दादाचे. एक आडवाट मात्र आहे. वरचेच आकडे धरले तर २०डब्ल्यू-५० ऑईल २८ अंशांना साधारण ३२५ सेंटीस्टोक होतं, म्हणजे १०डब्ल्यू-३० पहाटे जेवढं घट्ट असतं जवळपास तेवढंच. तेव्हा जाड ऑईल, ढिली केबल आणि दुपार हा खाना ‘पातळ ऑईल, ढिली केबल, पहाट’ या खान्याची जागा ढोबळमानाने घेऊ शकतो. आणि रविवारच्या दुपारचं निरीक्षण नेमकं तेच होतं, केबल तेव्हा ढिलीच होती आणि गिअर बरा पडला होता. याचा अर्थ ढिली केबलही पातळ ऑईलमध्ये खपून गेली असती. दोघांनी मिळून तक्रार तयार केली, एकट्या केबलने नाही आणि एकट्या ऑईलनेही नाही. दादाला सांगितलं, पुढच्या सर्व्हिसिंगला पुस्तिकेतलं १०डब्ल्यू-३० माग, बिलावर आकडा बघ, आणि तोपर्यंत दर पंधरा दिवसांनी पट्टी लाव. नवी केबल अजून ताणते आहे.

एवढं करूनही पहाटेचा ड्रॅग गेला नसता तर पुढची पायरी झाकण उघडायची होती. स्टीलच्या प्लेट काचेवर ठेवून फीलर गेजने वाक बघायचा, क्लच बास्केटच्या बोटांवर प्लेटच्या कानांनी खाचा पाडल्या आहेत का ते नखाने चाचपायचं. पण वाकलेल्या प्लेट आणि खाचा तापल्यावरही त्रास देतात, गर्दीत तर जास्तच. दादाच्या वहीत तशी एकही नोंद नव्हती, म्हणून त्या गृहीतकाचा नंबर शेवटी लावला होता.

ज्यांना घरच्या गाडीवर हे करून बघायचं आहे, त्यांनी वहीत रोज पाचच रकाने ठेवावेत: तारीख-वेळ, इंजिनाजवळचं तापमान, किती तास उभी होती, लिव्हरची ढिलाई आणि किती किलोमीटरनंतर गिअर मोकळा झाला. शेवटचा रकाना चालवणाऱ्याने भरायचा, आधीचे चार दुसऱ्या कोणीतरी, आणि एकमेकांचे न बघता.